नेदाम्हातारीचे गरम पाय

त्सोंकाला आपल्या नणंदेची किळस येत असे, आणि ही किळस काही आजची नव्हती. इस्क्रा घरात शिरायची ती आधी वासाने. गोड, चिकट वास, जर्दाळू सडायला लागल्यावर येतो तसा. मग तिचे गाल पुढे यायचे, समोर येईल त्याच्या गालाला घासायला तयार. "वहिनी, किती वाळलीस गं!" म्हणत ती गळ्यात पडायची, आणि ती सुटल्यावर त्सोंकाच्या मानेला काहीतरी तुपकट लागलेलं असायचं. त्सोंका मुकाट्याने स्वयंपाकघरात जायची आणि साबणाने मान धुवायची.

इस्क्रा व्रात्सा शहरात राहायची आणि पट्ट्या विकायची. स्वतःहून तापणाऱ्या पट्ट्या. पाकीट फाडलं आणि हवा लागली की पट्टीच्या आतली लोखंडाची भुकटी तापायला लागते, आणि कातडीच्या बाजूला जो बुळबुळीत लेप असतो तो त्या उबेने पातळ होऊन कातडीत मुरतो. अंग शेकतं आणि कातडीही लोण्यासारखी मऊ होते, असं इस्क्रा सांगायची. तळपायाची वेगळी, गुडघ्याची वेगळी, कमरेची वेगळी. एक तर गालांना लावायची होती, आणि ती इस्क्रा बहुधा झोपेतसुद्धा काढत नसावी. गावातल्या अर्ध्या बायका तिच्या गिऱ्हाईक होत्या. उरलेल्या अर्ध्यांना ती चर्चबाहेर गाठायची.

ख्रिसमस होऊन गेल्यावर एका रविवारी ती आईला भेटायला आली. आई, म्हणजे म्हातारी नेदा, कमरेचं हाड मोडल्यापासून तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. इस्क्राने तिच्या उशाशी संत्री ठेवली, कपाळाचा मुका घेतला आणि लगेच पायाकडचं पांघरूण वर केलं.

"अगं आई, काय टाचा आहेत गं तुझ्या!" ती हरखून म्हणाली. "शोधून सापडायच्या नाहीत!"

टाचा होत्याच तशा. चौऐंशी वर्षांच्या, जन्मभर मक्याच्या रानात अनवाणी फिरलेल्या. भेगा इतक्या खोल की त्यात चण्याचा दाणा बसावा. इस्क्राने खिडकीचा पडदा सारला, आईचा पाय धरून उजेडाकडे वळवला आणि फोन काढला.

"जरा तिरका कर आई. भेग दिसू दे ना. हां, अस्सं."

"दुखतंय गं," म्हातारी म्हणाली.

"झालं, झालं." तिने खटाखट फोटो काढले. मग दोन पट्ट्या आईच्या तळव्यांना चिकटवल्या, वरून मोजे चढवले आणि एक भलं मोठं खोकं त्सोंकाच्या हातात दिलं. "रोज लावायच्या हं वहिनी, न चुकता. मी परत आले की 'नंतर'चा फोटो काढणार. आधीचा आणि नंतरचा, शेजारी शेजारी. बघ, बायका तुटून पडतील."

इस्क्राची गाडी कोपऱ्यावरून वळली नाही तोच म्हातारी ओरडली, "त्सोंके! माझ्या मोज्यात गोगलगाई कुणी कोंबल्या? काढ आधी त्या!"

त्सोंकाने मोजा उतरवला आणि पट्टी ओढली. लेपाची एक लांब तार टाचेपासून तिच्या बोटांपर्यंत ताणली गेली आणि मनगटावर पडली. कोमट होती ती. शेंबडासारखी, आणि वर तो जर्दाळूचा वास, आणि त्याच्याखाली गंजक्या बादलीचा. त्सोंकाने श्वास रोखून दोन्ही पट्ट्या कचऱ्यात टाकल्या. मग रोजच्यासारखं कोमट पाणी आणलं, सासूचे पाय धुतले, डुकराची चरबी चोळली, लोकरी मोजे घातले आणि चुलीतली तापलेली वीट फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवली. हे ती तीन वर्षं करत आली होती, आणि त्याचा फोटो काढावा असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. खोकं कपाटावर गेलं आणि तिथेच राहिलं.

खरं तर तेव्हा त्सोंकाच्या जिवाला टाचांपेक्षा मोठा घोर होता. तिच्या नवऱ्याच्या, वर्बानच्या हृदयाची झडप निकामी होत आली होती. जिना चढला की ओठ निळे व्हायचे. सोफियाच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेची तारीख दिली, तर वर्बान म्हणाला, डुक्कर कापायचंय, ख्रिसमसच्या तोंडावर मी नाही तर कोण कापणार. दुसरी तारीख दिली, तर म्हणाला, आईला अशी टाकून कसा जाऊ. आता तिसरी तारीख होती, येत्या सोमवारची. ही चुकली तर पुढची उन्हाळ्यानंतर, असं बाईंनी फोनवर सांगितलं.

"आणि उन्हाळ्यापर्यंत?" त्सोंकाने विचारलं होतं.

बाई म्हणाल्या, "सोमवारी घेऊन या त्यांना."

वर्बान घाबरट नव्हता. एकदा पिसाळलेल्या बैलापुढे उभा राहिला होता. पण शकुन-अपशकुनांपुढे त्याचं पार पाणी व्हायचं. रिकामी बादली घेतलेली बाई आडवी आली की हा घरी परत. उंबऱ्यावर पाणी सांडल्याशिवाय हा साध्या बाजारालाही निघायचा नाही. त्याला सोमवारसाठी तयार करायला त्सोंकाला महिना लागला होता. गोड बोलून, भांडून, रडून, अबोला धरून. शेवटी तो "बरं, जातो," म्हणाला होता, आणि ते "बरं" त्सोंका काचेच्या भांड्यासारखं जपत होती.

त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी पहाटे म्हातारी नेदा गेली. झोपेतच. शेजारची स्तामेना आली. गावात कुणी गेलं की आंघोळ घालायला, कपडे चढवायला, काय करायचं नि काय नाही ते सांगायला स्तामेनाच लागायची, आणि हे तिला पुरेपूर ठाऊक होतं. दोघींनी म्हातारीला पाण्याने आणि वाइनने पुसलं, तिनेच पेटीत जपून ठेवलेला काळा पोशाख घातला, नवे मोजे, नव्या कापडी सपाता. स्तामेनाने पाय जुळवून पांढऱ्या फितीने बांधले. आरसा झाकला. मांजर कोठीत कोंडलं. दफन उद्या दुपारी ठरलं. त्सोंकाने मेलेल्याच्या नावाने वाटायचे गहू शिजत घातले आणि मगच ती चुलीपाशी बसून रडली. सासू खाष्ट होती, पण खरी होती. तिच्या शिव्या खाल्ल्या तरी अंगाला काही चिकटायचं नाही.

दुपारी इस्क्रा आली. फाटकापासूनच तिने गळा काढला. सगळी गल्ली बाहेर आली. आईच्या छातीवर पडली, भावाच्या गळ्यात पडली, स्तामेनाच्या गळ्यात पडली. मग डोळे पुसत त्सोंकाला दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "पट्ट्या लावत होतीस ना गं?"

त्सोंकाला आधी कळलंच नाही. "कसल्या पट्ट्या?"

"आईच्या पायांना. मी खोकं नाही का दिलं?"

"नाही लावल्या. तिला आवडत नव्हत्या."

"एकसुद्धा नाही?" इस्क्राचा चेहरा पडला. आईला बघून पडला नव्हता इतका. "अगं, रविवारी आमची बैठक आहे. मोठी बैठक! मी सगळ्यांना सांगून बसलेय. आधीचा फोटो दाखवलाही..."

"तुझी आई वारलीय, इस्क्रा."

"ते काय मला कळत नाही?" तिच्या डोळ्यांत लगेच पाणी आलं. नळ होता नुसता, हव्या तेव्हा सोडायचा. नाक शिंकरून ती म्हणाली, "मला जरा आईपाशी एकटीला बसू दे."

स्तामेना दारातच बसली होती. "मढ्याला एकटं सोडत नाहीत," ती गुरगुरली.

"एकटं कुठे मावशी? मी आहे ना, तिची लेक," इस्क्रा म्हणाली आणि पर्स काखोटीला मारून आत गेली. दार लागलं.

बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. ते बघून त्सोंकाला स्वतःचीच लाज वाटली. आपण हिच्याबद्दल फारच वाईट विचार करतो, असं वाटून तिने इस्क्राला घेवड्याचं सूप वाढलं, पाव कापून दिला, घरी गाळलेली कडक राकियाही ओतली. इस्क्राने म्हातारीच्या नावाने चार थेंब जमिनीवर सांडले आणि ग्लास रिकामा केला.

तिसऱ्या प्रहरी बायका यायला लागल्या. एकेकीने मेणबत्ती लावायची, कपाळाला ओठ टेकवायचे, आणि मग पायथ्याशी जाऊन मेलेल्याचे पाय हाताने धरायचे, म्हणजे मग त्याची भीती वाटत नाही, तो स्वप्नात येत नाही. लहानपणापासून सगळ्यांना हीच सवय. चार-पाच जणी आधी आल्या त्यांनी सपातांना नुसतं शिवल्यासारखं केलं. पेना मात्र जाडजूड, भित्री आणि मनापासून करणारी. तिने सपाता टाचांवरून सरकवून दोन्ही तळवे मोज्यावरून घट्ट धरले.

आणि किंचाळली.

"गरम आहेत! अगं बाई गं, पाय गरम आहेत!"

मेणबत्त्या फडफडल्या. स्तामेना उठली, बायकांना कोपराने ढकलत पुढे गेली. तिने कपाळ चाचपलं. गार. हात चाचपले. गार, लाकडासारखे. मग पाय धरले, आणि तिचा हात तिथेच थांबला.

"गरमच आहेत," ती म्हणाली. "आणि मऊ. मळलेल्या कणकेसारखे."

सगळ्यांना पुढचं माहीत होतं. पण स्तामेना कसली गप्प बसते! माहीत असलेली गोष्ट चारचौघांत बोलून दाखवण्यातच तिचा जन्म गेला होता.

"जे मढं गरम नि मऊ राहतं ते एकटं जात नाही," ती म्हणाली. "घरातलं आणखी एक माणूस ओढून नेतं."

त्याच वेळी वर्बान शेजारून मागून आणलेल्या खुर्च्या घेऊन दारात उभा होता. त्याने खुर्च्या खाली ठेवल्या. म्हणजे त्या हातातून सुटल्याच.

"स्तामेनामावशी," त्सोंका घाईने म्हणाली, "काहीतरी बोलू नका. खोली गरम आहे, स्टोव्ह पेटलाय..."

"मग कपाळ का गार? स्टोव्ह काय पायालाच लागला?" स्तामेनाने तिला उडवून लावलं. "उपाय आहे यावर. टाचेत सुई खुपसायची. दोन्ही टाचांत, चांगली आरपार. म्हणजे चालत येत नाही. पेने, घरातनं गोणपाटाची सुई आण जा."

"सुई आणायची नाही!" वर्बान म्हणाला. आवाज कसातरीच आला. त्याचे ओठ निळे पडले होते. तो आईच्या पायथ्याशी गेला, त्याने आपला जाडाभरडा हात तिच्या पावलावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "मलाच बोलावतेय ती. दुसरं कोण आहे? मी तिला सोडून निघालो होतो ना सोफियाला." मग त्सोंकाकडे वळून, हवापाण्याविषयी बोलावं तसं म्हणाला, "सोमवारी मी जात नाही. तिथं टेबलावर मरण्यापेक्षा इथं आपल्या घरात."

महिनाभर जपलेलं भांडं असं फुटलं. त्सोंका पलंगाच्या कडेला टेकली, आणि टेकताना वाकली, आणि वाकताना तिच्या नाकात तो वास शिरला. मेणाच्या आणि वाइनच्या वासाखालून येणारा. जर्दाळू. आणि गंजकी बादली.

तिने मान वर केली. इस्क्रा भिंतीला टेकून उभी होती आणि पर्सच्या बंदाशी चाळा करत होती.

त्सोंकाने तिला मनगटाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं.

"काय केलंस तू?"

"काही नाही गं."

"इस्क्रा! पट्ट्या लावल्यास तू? मेलेल्या आईच्या पायांना?"

"हळू बोल ना!" इस्क्राने दाराकडे बघितलं. मग तोंड वाकडं करून म्हणाली, "सहाच तास लागतात. संध्याकाळी काढणारच होते. भेगा जरा बुजल्या की एक फोटो, बास. पायच दिसणार फक्त. कुणाचे आहेत, जिवंत आहेत का मेलेले, कोण विचारणार आहे?"

त्सोंकाला तो पट्ट्यांचा लेप आठवला, कोमट, तारा सुटणारा, आणि तो आत्ता, या घटकेला, गार पडलेल्या कातडीवर वितळतोय, मुरायला जागा नाही म्हणून बोटांच्या बेचक्यांत साचतोय, हे डोळ्यांपुढे आलं.

"बाहेर चल," ती म्हणाली. "वर्बानला सांग."

"वेड लागलंय का? सगळ्या माझ्या गिऱ्हाईक बसल्यात तिथं!"

"तो सोमवारी जात नाही म्हणतोय."

"मग तू समजाव. बायको आहेस ना? दादाच्या डोक्यात हे खूळ काय मी घातलं?" इस्क्राने मनगट सोडवून घेतलं. "मी काही कबूलबिबूल करणार नाही. आणि तू सांगितलंस तर म्हणेन, वहिनीला माझा पहिल्यापासून द्वेष. सगळ्यांना ठाऊकच आहे."

ते मात्र खरं होतं. तरीही त्सोंकाने आधी वर्बानलाच बाजूला घेतलं. तो अंगणात ओंडक्यावर बसला होता. ती म्हणाली, "अहो, तुमच्या बहिणीने पट्ट्या लावल्यात, त्याने गरम आहेत." वर्बानने तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"मला सोफियाला पाठवायला तू आता काहीही सांगशील," तो म्हणाला. "राहू दे, त्सोंका. मेलेल्या आईला कोण शेकतं?"

मेलेल्या आईला कुणी शेकत नाही. एवढं त्याचंही बरोबर होतं.

"उठा," ती म्हणाली. "आत चला. तुमच्या डोळ्यांनी बघा."

"काय बघू?"

"उठा म्हणते ना!"

इतक्या वर्षांत ती त्याच्यावर अशी ओरडली नव्हती, म्हणूनच तो उठला असावा. त्याच्या पुढे होऊन ती खोलीत शिरली. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, गव्हाच्या वाट्या हातात घेऊन, पण खात कुणीच नव्हतं. पेनाच्या मांडीवर गोणपाटाची सुई होती. आणलीच होती शेवटी. त्सोंकाने कुणाला काही विचारलं नाही. तिने फीत सोडली.

"हां! फीत उद्या खड्ड्यापाशी सोडायची!" स्तामेना ओरडली.

त्सोंकाने सपाता काढल्या. एका मोज्याची वरची कड धरून तो खाली ओढला. तो घोट्याशी चिकटला, तशी तिने हिसडा दिला आणि शिवण टरकन फाटली. मोज्याबरोबर तळव्याची पट्टी अर्धवट सुटून लोंबू लागली, काळपट, ओली, अजून वाफाळल्यासारखी. लेप ठिबकला आणि नव्या चादरीवर त्याचा डाग पडला. आणि वरती पाऊल. जे पाऊल त्सोंकाने तीन वर्षं धुतलं, चोळलं, ते तिला ओळखू येईना. पांढरंफटक, फुगलेलं, कपडे धुऊन धुऊन बोटं होतात तसं सुरकुतलेलं, आणि तेल लावल्यासारखं चकचकीत. भेगा खरंच बुजल्या होत्या.

"बघा," ती म्हणाली. "बघा, का गरम आहेत ते. हात लावा."

वर्बानने पट्टी बोटाने उचलली. तिची ऊब त्याला लागली असणार. त्याने ती उलटीसुलटी करून बघितली, मग बहिणीकडे बघितलं.

"इस्क्रे?"

क्षणभर, अगदी क्षणभर, त्सोंकाला वाटलं की आता ही उघडी पडली. इस्क्राच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रिकामी पाटी. मग तिची हनुवटी थरथरली.

"तिचे पाय नेहमी गार असायचे रे दादा," ती म्हणाली. "लहानपणी मी तिच्या कुशीत झोपायचे, तर तिचे ते गार पाय... आणि आज हात लावला, तर किती गार! दगडासारखे! मला राहवेना. म्हटलं, एवढ्या लांबच्या वाटेला निघालीय, थंडीची, निदान जाताना तरी पाय गरम असावेत तिचे." आणि तिने तोंडावर हात घेतले. "मला काय ठाऊक तुम्ही घाबराल म्हणून! मी वेडी. मी मूर्ख. मला मारा सगळ्यांनी!"

पेना पहिली रडली. मग तिची शेजारीण. मग एकदम सगळ्याच. स्तामेनाने डोक्यावरच्या रुमालाने डोळे टिपले आणि सुई पेनाच्या मांडीवरून उचलून गुपचूप खिशात घातली.

"लेक ती लेकच," ती म्हणाली.

वर्बान बहिणीपाशी गेला आणि तिला पोटाशी धरून हुंदके देऊन रडला. आई गेल्यापासून तो रडला नव्हता, सकाळपासून नुसता राखाडी चेहऱ्याने वावरत होता. आता त्याच्या गालांवर रंग आला. त्सोंकाने ते बघितलं.

तिच्या जिभेवर सगळं होतं. बैठक, फोटो, 'पायच दिसणार फक्त.' इस्क्राच्या पर्समध्ये फोन होता, त्यात आधीच्या टाचा होत्या. ओढून काढला असता तर दोन मिनिटांत तिचं सोंग उतरलं असतं. आणि मग? ज्या माणसाला आता कुठे उसंत मिळाली, त्याला सांगायचं, की तुझ्या आईचं मढं तुझ्या बहिणीने जाहिरातीला लावलं? त्याची ती झडप हे ऐकून सोमवारपर्यंत टिकणार होती का? त्सोंकाने तोंड उघडलं आणि मिटलं. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. मुगाला निदान असा वास नसतो.

इकडे पेना पुढे सरकली होती. सुई गेली होती, भीती गेली होती, आणि तिने म्हातारीच्या टाचेवरून अंगठा फिरवला.

"अगं पण काय मऊ झाल्यात!" ती नाक ओढत म्हणाली. "आणि भेगा कुठं गेल्या? या बघा गं. नेदाच्या टाचा मी जन्मभर बघितल्यात."

दोघी-तिघी वाकल्या. बोटं फिरू लागली.

"गुडघ्याला चालतात का गं इस्क्रा?" कुणीतरी हळूच विचारलं.

"गुडघ्याची वेगळी येते मावशी," भावाच्या खांद्यावरून, हुंदक्यांच्या मधूनच इस्क्रा म्हणाली. "नंतर बोलू ना. आज नको."

त्सोंका सासूच्या पायाशी फाटका मोजा हातात धरून उभी होती. तिची बोटं एकमेकांना चिकटत होती. तिला वाटलं, हे आता कितीही धुतलं तरी निघणार नाही. या खोलीतल्या सगळ्या बायकांना कुणीतरी तो लेप फासलाय, आणि त्या एकमेकींना मऊ लागताहेत म्हणून खूश आहेत.

"त्सोंका," वर्बान म्हणाला.

त्याने डोळे पुसले होते. आवाज मोकळा होता, कितीतरी दिवसांनी.

"आईचे पाय गार असतात, हे हिच्या लक्षात आलं. आपण तीन वर्षं या घरात होतो, आपल्याला नाही सुचलं."

पलंगाखाली फडक्यात गुंडाळलेली वीट होती. काल संध्याकाळी त्सोंकानेच सासूच्या पायाशी ठेवलेली, पहाटे खाली सरकवलेली. ती त्याला दिसली नव्हती, कारण त्याने कधी वाकून बघितलंच नव्हतं.

"आणि तू हिच्यावर आळ घेतलास. आईचा मोजा फाडलास, चारचौघांत. हिची माफी माग."

"तुम्ही सोमवारी जाणार?" त्सोंकाने विचारलं.

"हे काय मध्येच?"

"जाणार का, ते सांगा."

वर्बानने आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग त्या पायांकडे. "जाईन की," तो म्हणाला. "ती काही मला बोलावत नव्हती, आता कळलं ना. पण घरात अशी तेढ ठेवून, बहिणीला दुखवून मी त्या टेबलावर चढणार नाही. तसं जाणं बरं नव्हे."

बायका वाट बघत होत्या. स्तामेनाने मान पुढे काढली होती. इस्क्रा रुमालाआडून बघत होती, आणि तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

त्सोंकाने मोजा खाली ठेवला. पलंगाला वळसा घालून ती गेली, आणि तिने नणंदेच्या दोन्ही दंडांना धरलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"अगं वहिनी!" इस्क्रा गळ्यात पडली. एक गाल घासला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. तोच वास, तोच ओशटपणा, आणि आता त्यात अश्रू कालवलेले. त्सोंकाने श्वास रोखला आणि ओठ तिच्या गालावर टेकवले. ते टेकवून ठेवावे लागले, कारण वर्बान बघत होता.

इस्क्राने तिला घट्ट आवळलं आणि तोंड तिच्या कानाशी नेलं.

"पाय पुसू नकोस हं," ती कुजबुजली. "बायका गेल्या की पाचच मिनिटं. फोटो राहिलाय."

मग ती बाजूला झाली आणि ओल्या डोळ्यांनी हसली. सगळ्या बायका हसल्या. पेनाने गव्हाची वाटी तोंडाला लावली आणि देव नेदाला क्षमा करो म्हणाली.

"काय म्हणाली गं?" वर्बानने विचारलं.

त्सोंकाने नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या ओठांचा निळेपणा गेला होता.

"म्हणाली," ती म्हणाली, "दादाला सोमवारी नक्की पाठव."

"तिचं मन मोठं आहे," वर्बान म्हणाला. "माझी बॅग काढून ठेव."